न पाहिलेल्या मुलाशी इमान



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्या सरांनी आयुष्यातले कितीतरी उन्हाळे उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यांसमोर घालवले. आधी परीक्षक म्हणून, पुढे नियामक म्हणून. त्यामुळे संयोजकांनी विषय विचारला तेव्हा मला तो फार शोधावा लागला नाही. शालेय परीक्षा घेणाऱ्या मंडळानं कोणत्या मूल्यांना धरून चालावं, याविषयी मी आज बोलणार आहे.

मंडळ म्हटलं की महाराष्ट्रात आपल्या डोळ्यांसमोर पुण्याचं राज्य मंडळ येतं. मी मात्र केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाचं, म्हणजे सीबीएसईचं उदाहरण घेणार आहे. मंडळ आणि मूल यांच्यातलं अंतर तिथे सर्वांत जास्त आहे, आणि माझा सगळा मुद्दा त्या अंतराविषयीचा आहे. २०२५ साली दहावी आणि बारावी मिळून सुमारे ४२ लाख मुलं या मंडळाच्या परीक्षेला होती. केंद्रं भारतात होती तशी परदेशातही. सोलापूरच्या शाळेतली मुलगी आणि मस्कतमध्ये नोकरी करणाऱ्या मराठी बापाचा मुलगा एकाच दिवशी एकाच विषयाचा पेपर लिहितात. त्यांच्या उत्तरपत्रिका कोण तपासणार हे त्यांना माहीत नसतं. तपासणाऱ्यालाही ही मुलं कधी दिसणार नसतात. तरीही या व्यवहारातून जो आकडा निघतो तो मुलाला जन्मभर चिकटतो. दहावीचं प्रमाणपत्र पुढे जन्मतारखेचा पुरावा म्हणूनसुद्धा दाखवावं लागतं. इतकी मोठी सत्ता समाजानं ज्या संस्थेच्या हाती दिली, तिनं त्या न पाहिलेल्या मुलाशी इमान राखावं, एवढीच माझी मागणी आहे. हे इमान म्हणजे नेमकं काय, ते सांगायला मला थोडा वेळ द्या.

या मंडळाचा उगम आपल्यापासून फार लांब नाही. १९२१ साली संयुक्त प्रांतात हायस्कूल आणि इंटरमिजिएट शिक्षणाचं मंडळ निघालं आणि राजपुताना, मध्य भारत व ग्वाल्हेर हा भाग त्याच्या कक्षेत आला. १९२९ मध्ये या भागासाठी वेगळं संयुक्त मंडळ झालं. शिंदे आणि होळकरांच्या राज्यांत पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मराठी घरांतली मुलंही याच भागात शिकत होती. १९५२ साली मंडळाला आजचं नाव मिळालं. १९६२ साली त्याची पुनर्रचना झाली, दिल्लीचं मंडळ त्यात मिसळलं गेलं, आणि केंद्र सरकारच्या बदलीच्या नोकरीत असलेल्यांच्या मुलांची सोय हा त्याचा एक मुख्य हेतू ठरला. लष्करातला हवालदार, रेल्वेचा गार्ड, टपाल खात्यातला कारकून. बाप झाशीहून देवळालीला आला तरी पोराचा अभ्यासक्रम तुटू नये, ही ती साधी गरज. पुढच्याच वर्षी केंद्रीय विद्यालयांची योजना सुरू झाली. आज हे मंडळ म्हणजे शहरातल्या महागड्या शाळा असं चित्र पुष्कळांच्या मनात असतं. ते मूळचं नाही. हे मंडळ फिरस्त्या मुलासाठी उभं राहिलं. ज्याला गावात ओळख नाही, ज्याच्यासाठी शब्द टाकणारं कुणी नाही, अशा मुलासाठी.

अशा मुलाला ओळखीची गरज पडू नये, याची तजवीज परीक्षेच्या पद्धतीतच करावी लागते. उत्तरपत्रिका केंद्रावरून निघते तेव्हा तिच्यावर बैठक क्रमांक असतो. तपासणीला जाण्याआधी तो क्रमांक काढून तिथे गुप्त क्रमांक येतो. आपल्या राज्य मंडळात हेच काम बारकोडनं होतं. परीक्षकाच्या टेबलावर येतं ते फक्त अक्षर आणि उत्तर. मुलगा की मुलगी, शाळा कोणती, गाव कोणतं, काही नाही. आणि आडनाव नाही. आपल्या देशात आडनाव समोरच्याला किती गोष्टी सांगतं हे मी या सभागृहात सांगायला नको. माणसाचं नाव न विचारता त्याच्या कामाची किंमत करणाऱ्या जागा आपल्याकडे आजही मोजक्याच आहेत, आणि परीक्षेची उत्तरपत्रिका ही त्यांतली एक आहे. घरात पहिल्यांदाच दहावीपर्यंत पोचलेल्या मुलीला मिळालेले ७३ गुण हे कुणाच्या मेहेरबानीचे आहेत असं कुणी म्हणू शकत नाही. बोर्डाच्या परीक्षेवर खूप टीका होते. त्यातली बरीच मलाही पटते. पण ही एक गोष्ट आपण सहज हातची घालवू नये, असं मला कळकळीनं वाटतं.

मात्र सर्वांना एकच माप लावलं की न्याय झाला, असं होत नाही. दृष्टिहीन मुलाला लेखनिक हवा. अध्ययन अक्षमता असलेल्या मुलाला वेळ जास्त हवा, आणि सीबीएसईत तो तासाला २० मिनिटं, म्हणजे तीन तासांच्या पेपरला एक तास असा मिळतो. ‘इतरांवर अन्याय’ अशी कुजबूज याबद्दल शिक्षकांच्या खोलीत अजून ऐकू येते. ती थांबली पाहिजे. चष्मा लावून पेपर लिहिणाऱ्याला आपण कधी अडवलेलं नाही.

आता मी मंडळाच्या एका कागदाकडे तुमचं लक्ष वेधतो. प्रत्येक विषयाच्या परीक्षकांना सीबीएसई गुणदान योजना देते, तिला सगळे मार्किंग स्कीमच म्हणतात. तिच्या पहिल्या पानांवर सर्वसाधारण सूचना असतात. कोणती पायरी लिहिली की किती गुण, ते पुढे येतं. आधी परीक्षकाला काही गोष्टी बजावलेल्या असतात. योजनेत दिलेल्यापेक्षा वेगळं पण बरोबर उत्तर असेल तर त्याला गुण द्या. उत्तराची योग्यता असेल तर पूर्ण गुण द्यायला कचरू नका. आणि मग परीक्षकांकडून आजवर झालेल्या नेहमीच्या चुकांची यादी असते: उत्तर किंवा उत्तराचा भाग तपासायचाच राहणं, प्रश्नाला ठरलेल्यापेक्षा जास्त गुण देणं, बेरीज चुकणं, आतल्या पानांवरचे गुण मुखपृष्ठावर चुकीचे उतरवणं.

मंडळ जे काही छापतं त्यात ही यादी मला सर्वांत प्रामाणिक वाटते. बोधवाक्य म्हणून ‘असतो मा सद्गमय’ आहेच, ते सुंदर आहे. पण संस्थेची मूल्यं शोधायची तर मी या यादीपाशी जाईन. आमच्याकडून असं होतं, हे आम्हाला माहीत आहे, ते पुन्हा होऊ नये म्हणून तुम्हाला आधीच सांगतो आहोत, असं ती म्हणते. एप्रिलच्या उकाड्यात, तुटपुंज्या मानधनावर, स्वतःच्या शाळेचे निकाल लावून आलेला शिक्षक रोजचा ठरलेला गठ्ठा संपवतो. त्याच्याकडून बेरीज चुकणारच. बेरीज चुकण्याची शक्यता शून्य करता येणार नाही. चुकलेली बेरीज सापडण्याची वाट मात्र उघडी ठेवता येते, आणि ती उघडी ठेवायची की नाही, हा पूर्णपणे मंडळाच्या इच्छेचा भाग आहे.

ही इच्छा आपल्या मंडळांना आपसूक झाली नाही. ती वाट न्यायालयात झगडून मिळवावी लागली, आणि त्या झगड्याचं एक जुनं प्रकरण महाराष्ट्रातलं आहे. १९८० च्या सुमारास आपल्या राज्य मंडळाच्या परीक्षार्थींनी मुंबई उच्च न्यायालयात दाद मागितली. मंडळाच्या नियमानुसार फक्त गुणपडताळणी होत असे, म्हणजे सगळी उत्तरं तपासली गेली का आणि बेरीज बरोबर आहे का, एवढंच पाहिलं जाई. स्वतःची उत्तरपत्रिका बघायला मिळत नसे आणि पुनर्मूल्यांकनाला वाव नव्हता. उच्च न्यायालयानं विद्यार्थ्यांच्या बाजूनं निकाल दिला. मंडळ सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १९८४ साली तिथे जिंकलं. लाखो उत्तरपत्रिका, ठरलेली मुदत, निकालाला कुठेतरी अंतिमपणा हवा, आणि शिक्षणक्षेत्रातल्या जाणकारांनी केलेले नियम न्यायालयानं सहज मोडू नयेत, असा तो विचार होता. त्या काळच्या साधनांकडे पाहिलं तर त्यात तथ्यही होतं. पण पुढची सत्तावीस वर्षं देशातल्या मंडळांनी तो निकाल ढालीसारखा पुढे धरला. मुलाचा साधा प्रश्न होता: मी लिहिलेला कागद मला दाखवाल का? त्याला उत्तर मिळत होतं की नियमात बसत नाही.

मग २००५ साली माहिती अधिकाराचा कायदा आला. २००८ मध्ये सीबीएसईची परीक्षा दिलेल्या एका विद्यार्थ्यानं या कायद्याखाली आपली उत्तरपत्रिका मागितली. मंडळानं नकार दिला. प्रकरण कोलकाता उच्च न्यायालयात गेलं, तिथून सर्वोच्च न्यायालयात, आणि ९ ऑगस्ट २०११ रोजी न्यायमूर्ती रवींद्रन आणि पटनाईक यांच्या खंडपीठानं निकाल दिला. तपासलेली उत्तरपत्रिका ही कायद्याच्या अर्थानं माहिती आहे, आणि ज्याची ती आहे त्याला ती पाहण्याचा व तिची प्रत घेण्याचा हक्क आहे. परीक्षकाशी आमचं विश्वासाचं नातं आहे, म्हणून उत्तरपत्रिका उघड करता येत नाही, असं मंडळाचं म्हणणं होतं. न्यायालयानं ते मान्य केलं नाही. मात्र परीक्षकाचं नाव झाकून ठेवायचं, कारण त्याच्या जिवाला धोका होऊ शकतो. हा तपशील मला फार महत्त्वाचा वाटतो. मुलाचं नाव परीक्षकापासून लपलेलं, परीक्षकाचं नाव मुलापासून लपलेलं, आणि दोघांच्या मधला कागद मात्र उघडा. परीक्षा मंडळाच्या नीतीची याहून नेमकी मांडणी मी पाहिलेली नाही. कामकाज उघडं ठेवलं की गुप्तता मोडते, असं मंडळाचे अधिकारी वर्षानुवर्षं सांगत आले होते. एकाच व्यवहारात दोन्ही जपता येतात, हे या निकालानं दाखवून दिलं.

गुप्तता जिथे खरोखर हवी तिथे ती कशी फुटली, हेही आपण पाहिलं आहे. मार्च २०१८ मध्ये बारावीचा अर्थशास्त्राचा आणि दहावीचा गणिताचा पेपर परीक्षेआधीच मोबाइलवरून फिरला. अर्थशास्त्राची फेरपरीक्षा २५ एप्रिलला देशभर झाली. गणिताची फेरपरीक्षा आधी जाहीर झाली आणि मग रद्द झाली; दहावी ही शालेय शिक्षणाच्या आतली पायरी आहे, बारावी हे पुढच्या शिक्षणाचं दार आहे, असं कारण दिलं गेलं. निर्णय मला योग्य वाटतो. पण पेपर जपण्याची जबाबदारी मंडळाची असताना, ती चुकल्याची शिक्षा बारावीच्या त्या मुलांना भोगावी लागली, जी प्रवेश परीक्षांच्या तयारीत गुंतलेली होती. अशा वेळी मंडळानं मुलांची जाहीर माफी मागायला हवी. ती प्रथा आपल्याकडे अजून पडलेली नाही.

आणि मग २०२१ आलं. एप्रिलमध्ये दहावीची आणि १ जूनला बारावीची परीक्षा रद्द झाली. महासाथीची दुसरी लाट पाहिलेल्या कुणालाही त्या निर्णयाबद्दल शंका नसावी. प्रश्न उरला तो निकालाचा. बारावीच्या लेखी गुणांसाठी सूत्र ठरलं: दहावीच्या उत्तम तीन विषयांचे ३० टक्के, अकरावीचे ३० टक्के, आणि बारावीतल्या शाळेच्या चाचण्या व पूर्वपरीक्षा यांचे ४० टक्के. शाळेतच निकाल समिती नेमायची, तिच्यात शेजारच्या शाळेतलेही दोन शिक्षक घ्यायचे. आणि शाळांनी गुणांची खैरात करू नये म्हणून आणखी एक लगाम होता: मागच्या तीन वर्षांतल्या शाळेच्या सर्वांत चांगल्या निकालाच्या आसपासच त्या वर्षीची सरासरी राहिली पाहिजे.

या लगामामागची भीती खरी होती. पण त्यातून काय झालं ते पाहा. एखाद्या तालुक्याच्या गावात, जेमतेम निकाल लागणाऱ्या शाळेत, त्या वर्षी योगायोगानं हुशार आणि कष्टाळू मुलांची तुकडी आली असेल, तर तिची उंची तिच्या आधी शिकून गेलेल्या मुलांनी ठरवली. नामवंत शाळेतल्या सामान्य मुलाला तीच व्यवस्था उचलून धरत होती. त्या वर्षी बारावीचे ९९.३७ टक्के विद्यार्थी उत्तीर्ण झाले. ९५ टक्क्यांच्या वर गेलेल्यांची संख्या आदल्या वर्षी ३८ हजारांच्या आसपास होती, ती ७० हजारांवर गेली. गुण वाढले म्हणून मी दुःखी नाही. मला खंत आहे ती याची, की ज्या मुलासाठी हे मंडळ निघालं, ज्याच्या शाळेला नाव नाही आणि ज्याच्यासाठी बोलणारं कुणी नाही, त्याची किंमत त्या वर्षी त्याच्या शाळेवरून ठरली. मंडळाकडे दुसरा मार्ग फारसा नव्हता, हेही तितकंच खरं. म्हणून त्या वर्षाकडे मी दोष देण्यासाठी पाहत नाही. गुप्त क्रमांकाची ती साधी पद्धत आपल्याला काय देत होती, हे त्या एका उन्हाळ्यात स्पष्ट दिसलं.

शाळेच्या हाती मूल्यमापन सोपवण्याचा प्रयोग त्याआधीही झाला होता. सीबीएसईची दहावीची बोर्डाची परीक्षा २०११ पासून काही वर्षं ऐच्छिक होती, शाळांतर्गत सातत्यपूर्ण मूल्यमापनावर भर होता, आणि २०१८ पासून परीक्षा पुन्हा सक्तीची झाली. तो प्रयोग फसला असं सरसकट म्हटलं जातं. मला वाटतं, पन्नास-पन्नास मुलांच्या वर्गात एकट्या शिक्षिकेवर नोंदींचे तक्ते लादून आपणच त्याला फसवलं. पण तो वेगळ्या व्याख्यानाचा विषय आहे.

इमानाचा आणखी एक भाग राहिला. परीक्षेनं जेवढं मोजलं तेवढंच सांगावं. तीन तासांत पाच-सहा विषयांचं काय लिहिता आलं, एवढंच ती मोजते. १९६४ ते १९६६ या काळात काम केलेल्या कोठारी आयोगानं याबाबत जे म्हटलं ते आपण विसरलो. आयोगाचे सदस्य-सचिव होते जे. पी. नाईक, आपल्या कोल्हापूर जिल्ह्यातले. आयोगाची शिफारस अशी होती की मंडळाच्या प्रमाणपत्रावर प्रत्येक विषयातली कामगिरी द्यावी, पण विद्यार्थी संपूर्ण परीक्षेत उत्तीर्ण की अनुत्तीर्ण असा शेरा असू नये. १९६६ ची ही गोष्ट. सीबीएसईनं गुणपत्रिकेवरचा ‘नापास’ हा शब्द काढला तो २०२० साली. गुणवत्ता यादी जाहीर करणंही आता थांबलं आहे. आपल्याकडे राज्य मंडळाची गुणवत्ता यादी एके काळी वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर फोटोंसह येत असे, आणि यादीतला मुलगा व यादीबाहेर राहिलेला मुलगा यांच्यातला फरक एखाद्या गुणाचाही असे. बेरीज चुकू शकते हे ज्या मंडळाला ठाऊक आहे, त्यानं एका गुणावर माणसाची उंची ठरवणं सोडलं, हे उशिरा का होईना, बरं झालं.

परीक्षेनं कुणावर कायमचा शिक्का मारू नये, या विचाराचा एक जुना धागा मला सांगितल्याशिवाय राहवत नाही. शाळा सुटलेल्या, कामाला लागलेल्या मुलांसाठी १९७९ साली सीबीएसईनंच मुक्त शाळेचा प्रकल्प काढला. १९८९ मध्ये त्याची स्वतंत्र राष्ट्रीय संस्था झाली. आपल्याकडे सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावीला बसणारी मुलं-माणसं तुम्ही पाहिली असतील: कुणी गॅरेजमध्ये, कुणी लग्न होऊन सासरी गेलेली. शाळेनं सोडलेल्या माणसाला परीक्षेनं दार उघडं ठेवावं, ही मोठी गोष्ट आहे, आणि तिच्याबद्दल आपण फार कमी बोलतो.

२०२६ पासून सीबीएसईच्या दहावीला एकाच वर्षात दोन परीक्षांची सोय झाली आहे. पहिली सर्वांना सक्तीची, दुसरी ऐच्छिक, तिच्यात तीन विषयांपर्यंत गुण सुधारता येतील. एका सकाळच्या तापानं वर्ष वाया जाऊ नये, ही त्यामागची भावना मला पटते. आता याच्या पुढची पायरी मला हवी आहे, आणि तीच मागणी घेऊन मी आज आलो आहे.

उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागता येते, पण त्यासाठी अर्ज करावा लागतो, मुदत पाळावी लागते, विषयागणिक शुल्क भरावं लागतं. ज्याच्या घरी हे सगळं समजणारं माणूस आहे तोच बहुधा मागतो. गुणपत्रिका निकालाच्या दिवशी प्रत्येक मुलाच्या डिजिलॉकरमध्ये आपोआप येते. तिच्याशेजारी तपासलेली उत्तरपत्रिका आणि त्या विषयाची मार्किंग स्कीम का येऊ नये? अर्जाशिवाय, शुल्काशिवाय, प्रत्येकाला. त्यासाठी सगळ्या उत्तरपत्रिका स्कॅन कराव्या लागतील. २०१७ मध्ये मुंबई विद्यापीठानं पुरेशा तयारीशिवाय संगणकाच्या पडद्यावरची तपासणी एकदम लागू केली आणि निकाल कित्येक आठवडे रखडले, हे आपण विसरलेलो नाही. म्हणून सुरुवात एका विषयापासून करावी. गणितापासून करावी, कारण तिथे पायरीपायरीचे गुण मुलाला स्वतःला ताडून पाहता येतात.

तक्रारी वाढतील, असं मंडळं म्हणतील. पहिली दोन-तीन वर्षं नक्की वाढतील. त्यांतल्या काही निराधार असतील आणि काही खऱ्या असतील. खऱ्या किती आहेत, हे आज कुणालाच माहीत नाही, कारण बहुतेक मुलांनी आपला तपासलेला कागद कधी पाहिलेलाच नाही. तक्रारी निवारायला प्रत्येक विभागीय कार्यालयात विषयतज्ज्ञ नेमावे लागतील, आणि परीक्षकांचं मानधन वाढवावं लागेल, कारण ज्याचं काम उद्या मूल स्वतः वाचणार आहे त्याला ते नीट करायला वेळ मिळायला हवा. या खर्चाची तरतूद कशी करायची, हे ठरवणं मंडळाच्या आणि सरकारच्या हातात आहे. ही मागणी लेखी स्वरूपात सीबीएसईकडे आणि पुण्याच्या राज्य मंडळाकडे पाठवावी, अशी विनंती मी या व्याख्यानमालेच्या संयोजकांना करतो. तिच्यावर पहिली सही मी इथेच करून जातो.